न दिसणारें टपाल शिकवावें कसें?

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं हा प्रसंग केव्हां ना केव्हां येऊन गेला असेल. संध्याकाळची वेळ आहे. मुलाची परीक्षा जवळ आली आहे, परदेशांत असलेली कन्या बोलणार आहे, आणि नेमकें त्याच वेळीं घरांतील इंटरनेट बंद पडतें. भिंतीवरच्या पेटीचे दिवे लुकलुकत असतात, परंतु पडद्यावर कांहीं येत नाहीं. आपण फोन करतां. दुसऱ्या दिवशीं खांद्याला पिशवी अडकवलेला वीस-बावीस वर्षांचा एक तरुण दाराशीं येतो. तो ती पेटी बंद करतो, पुन्हां सुरू करतो आणि वाट पाहतो. गाडें चालूं लागलें तर ठीक. न लागलें तर "वरूनच बंद आहे" असें सांगून तो निघून जातो.

कधीं कधीं मात्र दुसराच एखादा तरुण येतो. पेटीला हात लावण्यापूर्वीं तो दोन प्रश्न विचारतो. "सगळ्याच यंत्रांवर बंद आहे, कीं एकावरच?" "काल कोणीं कांहीं बदललें होतें काय?" मग तो संगणकावर दोन आज्ञा लिहितो, आलेलें उत्तर वाचतो आणि दोष कोठें आहे तें नेमकें सांगतो. या दोघांच्याही खिशांत कदाचित् एकाच संस्थेचें, एकाच वर्गाचें प्रमाणपत्र असेल. मग फरक कोठें पडला? पहिल्याला काय करावें तें ठाऊक आहे. दुसऱ्याला आंत काय चाललें आहे तें ठाऊक आहे. आणि आज रुग्णालय, पेढी, रेल्वेचें आरक्षण, मुलांची शाळा हीं सर्व ज्या जाळ्यावर उभीं आहेत, तें जाळें या तरुणांच्या हातीं आहे. तेव्हां पहिल्याचा दुसरा कसा करावा, आणि त्या कामीं संगणकावर चालणारीं, विद्यार्थ्याशीं बोलणारीं शिक्षणसाधनें कशीं तयार करावीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

असे तरुण कोठें शिकतात तें प्रथम पाहूं. आपल्याकडे १९५० सालीं कारागीर-प्रशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली आणि तिच्यांतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या परिचयाच्या आय्. टी. आय्., देशभर उभ्या राहिल्या. जोडारी, कांतारी, वीजतंत्री या जुन्या व्यवसायांच्या पंक्तींत पुढें संगणकांची दुरुस्ती व त्यांच्या जाळ्याची देखभाल हाही एक व्यवसाय येऊन बसला. इंडोनेशियांत एस्. एम्. के. या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या माध्यमिक व्यवसायशाळा आहेत. तेथें पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें-मुली तीन वर्षें संगणक आणि जाळें हा विषय शिकतात. या विषयासाठीं नवीं साधनें रचून तीं वर्गांत वापरून पाहणें हा त्या देशांतील शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक आवडता उद्योग होऊन बसला आहे. असे प्रयत्न तेथें इतके झाले आहेत, कीं त्यांच्या यशापासून आणि उणिवांपासूनही आपल्याला शिकतां येण्यासारखें पुष्कळ आहे.

या विषयाची अडचण मात्र सर्वत्र एकच आहे. सुतारकाम शिकणाऱ्याला लांकूड दिसतें. रंधा चुकला तर तेंही लगेच दिसतें. वीजतंत्र्याला वीज दिसत नाहीं, परंतु दिवा लागतो. जाळें शिकणाऱ्याला काय दिसतें? एक तार, एक पेटी, दोन हिरवे दिवे. खरें काम त्या तारेच्या आंत, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत घडून जातें. शिक्षक फळ्यावर दोन चौकोन काढतो, त्यांना एका रेघेनें जोडतो आणि म्हणतो, "येथून माहिती तेथें गेली." विद्यार्थी वहींत दोन चौकोन आणि एक रेघ काढतो. परीक्षेंत तो तेच काढून दाखवतो आणि उत्तीर्णही होतो. परंतु जाळें त्याला समजलें असें म्हणतां येईल काय?

आंत काय घडतें तें थोडक्यांत सांगतों, म्हणजे पुढील विवेचन सोपें होईल. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन आणि इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस या दोघांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, एकच कल्पना मांडली. मोठा संदेश एकसंध न पाठवितां त्याचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा, आणि वाटेंतील प्रत्येक नाक्यानें तो पत्ता वाचून तुकडा पुढच्या नाक्याकडे ढकलावा. डेव्हिस यांनीं या तुकड्याला 'पॅकेट' हें नांव दिलें. आपल्या मराठींत टपालाच्या लखोट्याला आपण 'पाकीट' म्हणतों, तो शब्दही त्याच घराण्यांतला; म्हणून आज मी त्याला पाकीटच म्हणणार आहें. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांतील दोन ठिकाणांमधें अशा जाळ्यावरून पहिला संदेश गेला. पाठवावयाचा शब्द होता 'लॉगिन'. त्याचीं पहिलीं दोनच अक्षरें पोंचलीं आणि पलीकडचें यंत्र कोसळलें. म्हणजे जाळें आणि त्यांतील बिघाड यांचा जन्म एकाच रात्रीं झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. बिघाड शोधणें हा या विद्येचा कंटाळवाणा परिशिष्ट-भाग नव्हे. तोच तिचा गाभा आहे.

मुंबईकर श्रोत्यांना ही पाकिटांची व्यवस्था परकी वाटूं नये. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था हें तिचें डोळ्यांनीं पाहतां येणारें रूप आहे. डब्याच्या झांकणावर रंगानें अक्षरें आणि आंकडे लिहिलेले असतात: डबा कोठून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा, कोणत्या इमारतींत आणि कितव्या मजल्यावर द्यावयाचा. डबा वाटेंत अनेक हातांतून जातो. प्रत्येक जण त्या खुणेंतील आपल्यापुरता भाग वाचतो आणि डबा पुढच्या हातीं देतो. सबंध मुंबईचा नकाशा कोणा एकाच्या डोक्यांत असण्याची गरज पडत नाहीं. ज्याला आपण राउटर म्हणतों तें यंत्र नेमकें हेंच करतें.

हा दृष्टांत वर्गांत फार उपयोगी पडतो. मात्र दृष्टांत कोठें संपतो हेंही शिक्षकानें त्याच तासाला सांगितलें पाहिजे. डबा हरवला तर त्या माणसाला त्या दिवशीं उपाशी राहावें लागतें. पाकीट हरवलें तर पाठविणारें यंत्र त्याची दुसरी प्रत पाठवूं शकतें. डब्यांतील पोळी आणि भाजी एकत्रच येतात. एकाच संदेशाचीं पाकिटें निरनिराळ्या वाटांनीं, मागेंपुढेंही येऊं शकतात आणि शेवटीं तीं पुन्हां क्रमानें लावावीं लागतात. ही मर्यादा न सांगितल्यास विद्यार्थी दृष्टांतालाच शास्त्र समजून बसतो, आणि पुढें त्याची ती समजूत मोडून काढणें नव्यानें शिकविण्याहून अवघड होतें.

आतां यंत्राच्या साह्यानें शिकविण्याच्या प्रयत्नांकडे वळूं. ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत १९६० सालीं 'प्लेटो' या नांवाची संगणकशिक्षणाची व्यवस्था सुरू झाली होती. त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं शिकविणाऱ्या यंत्रांचा पुरस्कार केला होता. त्यांच्या विचारांतील सर्व गोष्टी आज मान्य होत नाहींत. परंतु एक तत्त्व टिकलें आहे. शिकणाऱ्यानें नुसतें पाहत बसूं नये. त्यानें पावलोपावलीं उत्तर द्यावें आणि त्या उत्तराचें काय झालें तें त्याला तत्काळ कळावें.

'विद्यार्थ्याशीं बोलणारें साधन' असें जें मीं म्हटलें त्याचा अर्थ हा आहे. बाजारांत या नांवाखालीं पुष्कळ माल येतो. पाठ्यपुस्तकाचीं पानें पडद्यावर आणावीं, कोपऱ्यांत 'पुढें' असें बटण ठेवावें, मधून मधून चित्रें हलवावीं, थोडें संगीत लावावें, कीं झालें साधन तयार! परंतु पान उलटणें म्हणजे संवाद नव्हे. कसोटी अगदीं साधी आहे: विद्यार्थ्यानें चूक केली तर साधनाचें वागणें बदलतें काय? बदलत नसेल तर तें बोलकें साधन नव्हे. तो फार तर पडद्यावरचा फळा आहे.

जाळ्याच्या शिक्षणांत या कसोटीला उतरलेलें एक साधन प्रसिद्ध आहे. सिस्को या अमेरिकन कंपनीनें १९९७ सालीं नेटवर्किंग अकॅडमी हा शिक्षणोपक्रम सुरू केला, आणि त्या उपक्रमांतून पॅकेट ट्रेसर नांवाचें साधन पुढें आलें. त्यांत पडद्यावर राउटर, स्विच, संगणक मांडावे, तारा जोडाव्या, पत्ते द्यावे आणि जाळें चालवून पाहावें. त्याची खरी थोरवी ही, कीं त्यांत काळ थांबवितां येतो. पाकीट लहानशा लखोट्याच्या रूपानें एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातांना दिसतें. मधेंच त्याला थांबवून, उघडून, आंत कोणता पत्ता लिहिला आहे तो वाचतां येतो. जें हजाराव्या हिश्श्यांत घडून जातें तें विद्यार्थ्याच्या चालीनें घडवून दाखवितां येतें. ज्या वर्गांत तीस विद्यार्थी आणि एकच राउटर असतो तेथें याचें मोल किती, तें शिक्षकालाच विचारावें. शिवाय येथें चूक फुकट करतां येते. खऱ्या कचेरींतील राउटरवर चुकीची आज्ञा दिली तर सबंध कचेरी बंद पडते. येथें फक्त एक लखोटा वाटेंत अडतो.

असें असतां निराळीं साधनें करण्याची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. गरज आहे, आणि ती दोन कारणांनीं. पॅकेट ट्रेसर ही कार्यशाळा आहे. तो धडा नव्हे. कार्यशाळेंत नवशिक्याला एकटें सोडलें तर तो हत्यारांची मोडतोड करण्यांत वेळ घालवितो. दुसरें कारण असें, कीं अमुक गांवच्या, अमुक भाषा बोलणाऱ्या, अमुक तयारीच्या मुलांचें अडतें कोठें, हें दूर देशीं बसलेल्या माणसाला कळण्याचा संभव नाहीं. तें त्यांच्या शिक्षकाला कळतें. म्हणून धडा त्यानें रचावयास हवा.

असा धडा रचण्याची शास्त्रशुद्ध रीत आहे. १९७४ सालीं शिवसैलम् त्यागराजन् आणि सेमेल दांपत्य यांनीं अमेरिकेंत एक चार टप्प्यांची पद्धति मांडली: गरज निश्चित करा, आराखडा करा, साधन घडवा, प्रसार करा. १९७५ सालीं फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठांत अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षणासाठीं पांच टप्प्यांची दुसरी एक पद्धति तयार झाली: पृथक्करण, आराखडा, घडण, वापर आणि मूल्यमापन. इंडोनेशियांतील बहुतेक प्रयोग या दोहोंपैकीं एकीच्या आधारानें झालेले आढळतात. नांवें निराळीं असलीं तरी सार एकच: आधीं रोग पाहा, मग औषध द्या, आणि रोगी बरा झाला काय तें विसरूं नका.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. वर्गांत मागच्या बांकावर बसून शिक्षकानें आठवडाभर टिपण केलें, तर बहुधा असें आढळेल कीं मुलांचें सर्वांत अधिक अडतें तें पत्त्यांच्या विभागणींत. जाळ्यावरील यंत्राचा पत्ता चार आंकड्यांचा असतो आणि प्रत्येक आंकडा शून्यापासून २५५ पर्यंत असूं शकतो. समजा, एका कचेरीला १९२.१६८.१० या आंकड्यांनीं सुरू होणारे २५६ पत्ते मिळाले आहेत. त्यांचे चौसष्ट-चौसष्टांचे चार भाग पाडावयाचे आहेत. गांवांत चार आळ्या असाव्या तसें हें आहे. पहिली आळी शून्य ते ६३, दुसरी ६४ ते १२७, तिसरी १२८ ते १९१ आणि चौथी १९२ ते २५५. कोणत्या आळीची हद्द कोठें, हें यंत्राला 'मास्क' नांवाच्या दुसऱ्या चार आंकड्यांवरून कळतें. येथें तो २५५.२५५.२५५.१९२ असेल. प्रत्येक आळींतील पहिला पत्ता त्या आळीचें नांव म्हणून राखून ठेवतात आणि शेवटचा दवंडीसाठीं, म्हणजे सर्वांना एकदम हांक मारण्यासाठीं. म्हणून राहावयास बासष्ट घरें उरतात. आळीबाहेर जाण्याचें दार कोणतें, हेंही यंत्राला सांगावें लागतें. त्या दाराला गेटवे म्हणतात.

आतां बिघाड असा. एका संगणकाचा पत्ता ७० वर संपतो, म्हणजे तो दुसऱ्या आळींत राहतो. परंतु कोणा घाईच्या माणसानें त्याचें दार म्हणून १ वर संपणारा पत्ता लिहून ठेवला आहे, आणि तो तर पहिल्या आळींत आहे. परिणाम काय होईल? शेजारचा ७५ त्याला सांपडतो, कारण तो त्याच आळींत आहे. बाहेरचें जग मात्र सांपडत नाहीं, कारण स्वतःच्या आळींत जें दार नाहीं तें गांठावें कसें? सर्व दिवे हिरवे आहेत. तार चांगली आहे. पेटी शंभर वेळां बंद करून सुरू केली तरी कांहीं फरक पडणार नाहीं. प्रारंभीं सांगितलेला पहिला तरुण येथें हरतो.

या बिघाडावरचा बोलका धडा कसा असावा? प्रथम पडद्यावर हें लहान जाळें मांडलेलें असावें आणि एकच प्रश्न विचारावा: "७० वरून निघालेलें पाकीट ७५ ला पोंचेल काय? बाहेर पोंचेल काय?" विद्यार्थ्यानें आधीं भाकीत करावें, मगच पाकीट सोडावें. ही पायरी वगळूं नये. ज्यानें आधीं भाकीत केलें नाहीं तो पुढें जें दिसेल त्याला "हें मला ठाऊकच होतें" असें म्हणून मोकळा होतो. मग पाकीट सुटतें. शेजाऱ्याकडचें परत येतें, बाहेरचें अडतें. साधनानें येथें 'चूक' असा तांबडा शिक्का मारूं नये, परिणाम दाखवावा आणि पुढचा प्रश्न विचारावा: "हा संगणक आपली आळी कोठून कोठपर्यंत समजतो?" विद्यार्थ्यानें ६४ आणि १२७ लिहिलें, कीं तेवढा भाग पडद्यावर रंगतो, आणि दार रंगाबाहेर राहिलें आहे हें त्याचें त्यालाच दिसतें. तो दार ६५ वर आणतो. पाकीट बाहेर जाऊन परत येतें. त्यानें शून्य आणि २५५ असें लिहिलें तर तीही चूक आंधळी नसते. मास्ककडे त्यानें पाहिलेंच नाहीं असा तिचा अर्थ, आणि म्हणून साधनानें त्याला मास्ककडेच न्यावें. चुकीच्या प्रत्येक उत्तरामागें एक विशिष्ट गैरसमज असतो. ते गैरसमज आधीं गोळा करून त्या प्रत्येकाला निराळें उत्तर तयार ठेवणें, हेंच या साधनाच्या कर्त्याचें मुख्य काम. चित्रें रंगविणें हें त्या मानानें सोपें काम आहे.

दुसऱ्या उदाहरणांत आळीचा रंग काढून टाकावा. तिसऱ्यांत दाराऐवजीं मास्कच चुकीचा द्यावा. चौथ्यांत कांहींच मदत देऊं नये. सायकल शिकवितांना बाप मागचा हात हळूच काढून घेतो, तसें हें असावें. साधन अखेरपर्यंत हात धरून राहिलें, तर मुलाला सायकल येत नाहीं; त्याला बापाबरोबर धांवणें तेवढें येतें.

पडद्याच्या मांडणीविषयींही शास्त्रज्ञांनीं उपयुक्त गोष्टी सांगितल्या आहेत. ऑस्ट्रेलियांतील जॉन स्वेलर यांनीं १९८८ सालापासून असें प्रतिपादन केलें, कीं माणसाची तात्कालिक स्मृति फार तोकडी आहे. तिच्यावर एका वेळीं थोडेंच ओझें टाकावें. अमेरिकेंतील रिचर्ड मेयर यांनीं प्रयोग करून दाखविलें, कीं चित्र एकीकडे आणि त्याचें स्पष्टीकरण दुसरीकडे ठेवल्यास शिकणें अवघड होतें. शब्द चित्रापाशींच हवेत. तसेंच, जें बोलून सांगितलें जात आहे तेंच अक्षरशः पडद्यावर लिहून काढूं नये, आणि केवळ शोभेसाठीं घातलेलीं चित्रें व संगीत बहुधा नुकसानच करतात. आपल्याकडील किती 'आकर्षक' साधनें या कसोट्यांना उतरतील, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. खेड्यांतून आलेला विद्यार्थी हुशार असतो, परंतु इंग्रजी वाक्याच्या गुंत्यांत विषय हरवून बसतो. म्हणून प्रत्येक शब्दाचें संस्कृत रूपांतर करावें काय? मला तसें वाटत नाहीं. राउटर, स्विच, गेटवे, पिंग हेच शब्द त्याला उद्यां नोकरींत ऐकावे लागणार. यंत्राच्या आज्ञाही त्याच भाषेंत आहेत. ते शब्द तसेच ठेवावे, परंतु 'कां' आणि 'कसें' हें मात्र घरच्या मराठींत समजावून द्यावें. मुंबईच्या आय्. आय्. टी.नें चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पानें हाच मार्ग धरला आहे. लहान लहान धडे; पडद्यावरील आज्ञा मूळच्याच, परंतु निवेदन मराठी आणि इतर भारतीय भाषांत; आणि विद्यार्थ्यानें ऐकतां ऐकतां शेजारीं स्वतः करून पाहावयाचें. याहून चांगला कित्ता आपल्याला दूर शोधावयास नको.

साधन कोणत्या पायावर उभारावें, याबद्दलही एक धडा अलीकडेच मिळाला आहे. वीसएक वर्षें जगभरचीं असंख्य बोलकीं शिक्षणसाधनें फ्लॅश या एकाच कंपनीच्या तंत्रावर तयार झालीं. ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्या तंत्राचा आधार बंद झाला, आणि पुष्कळ शिक्षकांची वर्षानुवर्षांची मेहनत एका रात्रींत मुकी झाली. तेव्हां साधन खुल्या तंत्रावर बांधावें, त्याची मूळ प्रत संस्थेपाशीं ठेवावी, आणि दुसऱ्या शिक्षकाला तें उघडून बदलतां यावें. शिवाय तें जाळ्याशिवाय चालावें. जाळें शिकविणारें साधन जाळें बंद पडतांच थांबलें, तर विद्यार्थ्याला हंसूं आल्यावांचून कसें राहील? तें स्वस्त मोबाइलवर चालावें, कारण बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरीं तेवढेंच यंत्र असतें.

आतां सर्वांत कठीण भाग: साधन उपयोगी पडलें हें ठरवावें कसें? येथें पुष्कळ प्रामाणिक माणसेंही घसरतात. साधन दोन तज्ज्ञांना दाखवितात. ते 'योग्य' म्हणतात. विद्यार्थ्यांना प्रश्नावली देतात. ते 'आवडलें' म्हणतात. त्या गुणांची टक्केवारी काढून साधन यशस्वी झाल्याचें जाहीर होतें. परंतु आवडणें आणि येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तासभर फळ्याकडे पाहून कंटाळलेल्या मुलाला पडद्यावरचें कांहींही आवडेल. खरी परीक्षा तीन प्रकारची हवी. एक, धड्याआधीं आणि धड्यानंतर, शक्य तर दुसऱ्या रीतीनें शिकलेल्या तुकडीबरोबर तुलना करून. दोन, तीन-चार आठवड्यांनीं पुन्हां. कारण त्याच दिवशींचें यश ही पुष्कळदां ताज्या आठवणीची करामत असते. आणि तीन, धड्यांत कधींही न दाखविलेला बिघाड समोर ठेवून. ही तिसरी परीक्षा जो उतरला तोच आपल्या दाराशीं येऊन प्रश्न विचारणारा दुसरा तरुण.

आणि एवढें करूनही पडद्याचें राज्य जेथें संपतें ती सीमा ओळखली पाहिजे. जाळ्याच्या तारेंत आठ बारीक तारा असतात; दोन-दोनांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी पिळलेली. त्या टोंकाच्या लहान खुंटींत ठरलेल्या क्रमानें बसवाव्या लागतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. नवशिक्याला हा क्रम विचित्र वाटतो. हिरव्या जोडीच्या मधें निळी जोडी कां घुसवावी? तो आपल्या मतानें प्रत्येक जोडी शेजारीं-शेजारीं बसवितो, दोन्ही टोंकांना तसेंच करतो, आणि साधें तपासणी-यंत्र आठही दिवे क्रमानें लावून दाखवितें. त्याला वाटतें, जिंकलें. परंतु जी जोडी एकत्र पिळलेली आहे तिच्यांतूनच एका संदेशाच्या जाण्यायेण्याच्या दोन्ही बाजू गेल्या पाहिजेत. नाहीं तर पिळाचा उपयोगच नाहीसा होतो, एका जोडींतील गडबड दुसरींत शिरते, आणि जाळें कधीं चालतें, कधीं अडखळतें. असा बिघाड सर्वांत छळतो.

येथें पडदा आणि हात यांची वांटणी स्पष्ट दिसते. पीळ कशासाठीं, गडबड शिरते कशी, हें पडदा हलत्या चित्रानें असें समजावील कीं फळा तसें कधींही समजावूं शकणार नाहीं. परंतु टोंकाशीं पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडूं नये, सुरीचा दाब तांब्याला लागूं नये, खुंटी दाबतांना तारा आंतपर्यंत पोंचाव्या, हें बोटांनाच शिकावें लागतें. पडद्यावर तार कधीं वांकडी कापली जात नाहीं. म्हणून बोलक्या साधनांचें निमित्त करून कार्यशाळेंतील तारा, खुंट्या आणि पेट्या यांचा खर्च जी संस्था कमी करील, ती विद्यार्थ्याची फसवणूक करील. साधन हें यंत्रसामग्रीच्या जागीं नाहीं. खऱ्या यंत्रासमोर घालवावयाचा थोडासा वेळ वायां जाऊं नये, म्हणून आहे.

तसेंच तें शिक्षकाच्याही जागीं नाहीं. उलट शिक्षकाचें काम त्यानें अधिक मोलाचें होतें. साधन प्रत्येक मुलाच्या चुका टिपून ठेवूं शकतें. मग शिक्षकाला वर्गांत येण्यापूर्वींच कळतें, कीं आज अकरा मुलें मास्कपाशीं अडलीं आहेत आणि दोन दारापाशीं. त्याला तोच धडा तीसदां सांगावा लागत नाहीं. ज्याला जें हवें त्याला तें देतां येतें. मात्र त्यासाठीं शिक्षकाला वेळ हवा, आणि साधनाच्या घडणींत त्याचा हात हवा. बाहेरून विकत आणलेलें साधन कपाटांत जातें. स्वतः रचलेलें साधन दर वर्षीं सुधारत जातें.

श्रोतेहो, या गोष्टी तज्ज्ञांच्या वर्तुळांत न ठेवतां मीं आपल्यापुढें मांडल्या, त्याला कारण आहे. आपण सुशिक्षित घरांतील माणसें मुलांसाठीं शाळा निवडतांना फार चिकित्सा करतों. परंतु जो तरुण आपल्या घरचें, कचेरीचें, रुग्णालयाचें जाळें सांभाळतो, तो कोठें आणि कसा शिकतो, हा प्रश्न आपल्या मनांत येत नाहीं. पेटी बंद-सुरू करून निघून जाणाऱ्या तरुणावर आपण रागावतों. त्याला दोन चौकोन आणि एक रेघ यापलीकडे कोणीं कांहीं दाखविलें होतें काय, हें आपण कधीं विचारीत नाहीं. पुढच्या खेपेस तो दाराशीं आला, तर त्याला पाणी द्यावें आणि एवढेंच विचारावें: "बाबा रे, पाकीट कोठें अडलें असेल असें तुला वाटतें?" त्याचे डोळे चमकले, तर समजावें कीं त्याच्या शिक्षकानें आपलें काम चोख केलें आहे. न चमकले, तर दोष त्या एकट्याचा आहे असें समजूं नये.